शहाताच्या भट्टीमागची पोती

अलेक्झांड्रियातल्या त्या जुन्या हमामाची भट्टी शहाता चाळीस वर्षं पेटती ठेवत होता. भुसा, चिपाडं, चिंध्या, काय वाट्टेल ते तो तिच्या तोंडात कोंबी. पायताणं मात्र नाहीत. चामडं जळतं कमी आणि घाण मारतं जास्त. वर आंघोळीला आलेली गिऱ्हाइकं नाक धरून पळतात, आणि गरम राखेत शिजायला पुरलेले घेवड्याचे हंडे वाया जातात.

त्या दिवशी त्याची नात अफाफ शाळेतून आली ती दप्तर भिरकावतच. "उद्यापासून मी जायची नाही!"

वर्गात बाईंनी सांगितलं होतं, की फार पूर्वी इथल्या मोठ्या ग्रंथालयातली पुस्तकं गावच्या हमामांना वाटून टाकली आणि त्यांवर सहा महिने पाणी तापलं. पोरींच्या हाती आयतं कोलीत मिळालं. 'पुस्तकजाळ्याची नात' असं बारसंही करून झालं.

शहाताच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्याहून जास्त तो घाबरला. आपल्यासारखीच हीही जन्मभर अंगठा उठवत राहणार? तसाच काजळी माखलेला तो शाळेत जाऊन उभा राहिला.

"बाई, ती पुस्तकं होती कशाची?"

"बरीचशी लव्हाळ्याच्या कागदाची. काही चामड्याची."

"कागद तर भसकन पेटतो आणि संपतो, पाणी कोमटसुद्धा होत नाही. आणि चामड्यावर सहा महिने? सहा दिवसांत गाव ओस पडलं असतं! हे लिहिणारा कधी भट्टीपुढे बसला होता का?"

बाईंना हसू आवरेना. "नाही हो काका. हे लिहिलंच गेलं सहाशे वर्षांनी. नक्की काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. थोडी आग, थोडी कसर, आणि पुष्कळसं दुर्लक्ष. माझीच चूक झाली. उद्या वर्गात सांगते."

शहातानं परत येऊन हे सांगितलं, तरी अफाफचं समाधान झालं नाही. "पण आजोबा, तुम्ही कागद जाळलेच असतील ना?"

शहाता तिला भट्टीमागच्या खोलीत घेऊन गेला. छतापर्यंत पोती रचलेली.

"लिहिलेल्या कागदावर देवाचं नाव असलं तर? ते पाप कोण घेणार? आणि मला वाचता येतं कुठं? म्हणून जळणात आलेला लिहिलेला कपटासुद्धा कधी जाळला नाही."

अफाफनं एक पोतं उपसलं. "ही सिनेमाची जाहिरात. आणि ही… आजोबा, धोब्याची यादी! चार सदरे, दोन लेंगे!" ती हसून लोळली. शहाता पार ओशाळला.

तिसऱ्या कागदावर मात्र ती अडली. ओळीवर बोट ठेवून दोनदा प्रयत्न केला. शहाता श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे अजून आम्हाला शिकवलं नाही," ती म्हणाली.

सकाळी तिनं तो कागद वहीत नीट ठेवला आणि दप्तर खांद्याला लावलं.

"बाईंना विचारून येते. तोवर कुठल्याही पोत्याला हात लावू नका."