आत्यांचं ताट

रागवायला काहीतरी कारण लागतं, हा जगाचा गैरसमज माझ्या बायकोच्या आत्यांनी एकहाती मोडीत काढला आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगरात त्यांची वाडी. तिथल्या पाणी समितीत त्या आहेत. म्हणजे त्या पुढे असतात आणि समिती त्यांच्या मागे लपलेली असते. गळका नळ, तुंबलेलं गटार, झऱ्यापाशी साबण लावणारा पाव्हणा, सगळ्यांवर त्या सारख्याच डाफरतात. संडास हा तर खास विषय. कुणाकडेही गेल्या की चहाच्या आधी परसदारी. माझ्या बायकोला पूर्वी नेसरीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीचा, घर ऐसपैस. सगळी मंडळी घर बघायला गेली आणि आत्यांनी मागे जाऊन संडासाचं दार उघडलं. आत छतापर्यंत शेण्या, म्हणजे गोवऱ्या, रचलेल्या! "शेण्यांस्नी आडोसा हाय, आनि सुनंनं शिवारात जायचं व्हय? उठा रं समदी!" भरलेले कप तसेच राहिले. पुढे ती मुलगी मला मिळाली. त्या शेण्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि आत्या येणार म्हटलं की आमचा संडास मी स्वतः घासतो.

एकदा कुणी साहेब वाडीत पाण्यावर भाषण द्यायला आले. टेबलावर बाटलीबंद पाणी. आत्या मधूनच उठल्या. "आमच्या पान्यावर बोलायचं, आनि प्यायचं मातर इकतचं?" साहेबांनी झऱ्याचं पाणी तांब्याभर प्यायल्यावरच सभा पुढे सरकली.

पण वाडी खरी भिते ती त्यांच्या ताटाला. झऱ्याचं पाणी आधी टाकीत येतं, तिथून पाइपानं घरोघर. आत्यांचं घर टोकाला, जरा चढावर. आधी वाटेतले नळ सुटले की वर पाणी चढायचंच नाही. आत्यांनी भांडभांड भांडून सभेत नियम करून घेतला की टोकाच्या घराची घागर पहिली. ती भरली की आत्या दारात येऊन पितळी ताटावर पळी बडवतात. मग बाकीची वाडी नळ सोडते. एकाने एकदा आधीच नळ सोडला, तर आत्या ताट घेऊन त्याच्या अंगणात गेल्या आणि त्याचे पाव्हणे कानांवर हात ठेवून निघून जाईपर्यंत वाजवत बसल्या. तेव्हापासून ताट वाजल्याशिवाय नळाला कुणी हात लावत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिथे होतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणा शहरी माणसानं बंगला बांधलाय, पोहायच्या तलावासकट. त्यासाठी बोअर मारली आणि झरा करंगळीएवढा झाला. सुट्टीत चार दिवस डुंबायला ह्यांना पाणी हवं, आणि अख्ख्या वाडीनं घसा कोरडा ठेवायचा! समिती अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालते आणि दर वेळी 'बघू' ऐकून परत येते. माझं डोकं तडकलं. आत्या मात्र गप्प होत्या, ह्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

सकाळी त्यांनी नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. घागरीचा तळही ओला झाला नाही. आत्यांनी नळ बंद केला, ताट घेतलं आणि दारात उभं राहून दणादण बडवलं.

"अहो आत्या, घागर रिकामी आहे!"

"हळू बोला की, जावईबापू. पानी आता चढावर येतच न्हाय. म्या ताट न्हाय वाजवलं तर समदी नळ बंद ठिवून बसत्याल. म्याच तसं वळान लावलंय."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर आपल्या घागरी घिऊन माज्या दारात येत्याल." त्यांनी ताट पदरानं पुसलं. "मग म्या रागवू कुनावर?"

खालच्या घरांतून नळाखाली भांडी लागल्याचे आवाज येऊ लागले. आत्या उंबऱ्यावर टेकून ऐकत होत्या. घागर उचलून मी झऱ्याची वाट धरली, तसा मागून त्यांचा आवाज आला.

"रिकामी घागर उगडी नेऊ नका! त्यो टावेल टाका तिच्यावर. कुनी बगंल की!"

मी टॉवेल टाकला.