नक्कल न होणारी सही

पेंटरकाकांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पुरता विश्वास होता : स्वतःची शिडी आणि स्वतःची सही. एका गुरुवारी सकाळी या दोन्हींनी त्यांना एकदमच दगा दिला.

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. सुतळीला खडू लावून रेघ मारावी, ती दोनदा तपासावी आणि मगच ब्रश रंगात बुडवावा, हा त्यांचा शिरस्ता. छापील फलकांचा जमाना आला, तरी वकील-डॉक्टरांच्या काचेवरची बारीक अक्षरे त्यांच्याकडेच येत. अशा माणसाची सही साधी कशी असणार? पहिल्या अक्षराचे शेपूट साऱ्या नावाला वळसा घालून परत येई, त्यात तीन गाठी पडत आणि खाली दोन टिंबे बसत. ही सही म्हणजेच आपली तिजोरी, असे ते मानत. म्हणून बँकेचे कार्ड त्यांनी कधी घेतले नाही. चार आकडे काय, मागे उभा असलेला कोणीही पाहील. खात्यात बायकोचे नाव घातले नाही. तिची सही म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी, ती कोणीही मारील. शिल्लक सगळी मुदतठेवीत, पावत्या कुलपात आणि घरात आठवड्याच्या बाजारापुरते पैसे. ही व्यवस्था त्यांना इतकी निर्दोष वाटे, की ती कोणाला सांगून ठेवण्याची गरजच त्यांना भासली नाही.

त्या गुरुवारी औषधांच्या एका दुकानासमोर शिडीचा पाय ओल्या फरशीवरून सरकला आणि काका उजव्या हातावर पडले. मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले होते, शीर दबली होती. शस्त्रक्रिया शनिवारपर्यंत झाली तर उत्तम, त्यानंतर बोटांची हमी देता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आगाऊ भरायचे होते ऐंशी हजार.

"शनिवारी करून टाका," काका म्हणाले. "पैसे आहेत."

पैसे आहेत, हे काकूंना त्या क्षणी प्रथमच कळले. त्यांनी नवऱ्याकडे एकवार पाहिले आणि प्रश्न गिळला.

शुक्रवारी सकाळी त्या बँकेत गेल्या. मॅनेजरबाई समजूतदार होत्या. डॉक्टरांचा दाखला आणा, दुपारी दोन वाजता आमचा अधिकारी रुग्णालयात येईल, दोन साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा घेईल आणि ठेव मोडून संध्याकाळपर्यंत पैसे मिळतील, असे त्यांनी सांगितले. काकू धापा टाकीत परतल्या. काकांनी ऐकून घेतले आणि भिंतीकडे तोंड फिरवले.

"अंगठा मी लावणार नाही. साऱ्या गावाच्या पाट्या लिहिणाऱ्याला अंगठेबहाद्दर करता?"

"अहो, पाट्यांचं कोण विचारतंय? हाताचं बघा."

"डाव्या हाताने करतो सही. कागद आण."

मग कागदामागून कागद भरत गेले. अकराव्या प्रयत्नातली सही त्यांना पसंत पडली. तीच अर्जावर उतरवून त्यांनी काकूंना पुन्हा बँकेत धाडले. खिडकीवरच्या कारकुनाने जुनी सही काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि संकोचून म्हणाला, "काकू, राग मानू नका. ही काकांची नक्कल करणाऱ्या माणसाची सही दिसते."

काकू परत आल्या, काकांनी आणखी एक अर्ज भरला, काकू पुन्हा गेल्या. तोही नामंजूर झाला. अंगठ्यासाठी राखून ठेवलेला अधिकारी तीन वाजेपर्यंत थांबून मुख्य शाखेत निघून गेला होता. दुसरा शनिवार आणि रविवार, बँक बंद. आता सोमवारीच.

शनिवारी काकूंचा धाकटा भाऊ आला. त्याने खिसा रिकामा केला, शेजाऱ्यांपुढे हात पसरला आणि कसेबसे त्रेचाळीस हजार जमवले. रुग्णालयाच्या खिडकीने उरलेले सदतीस मागितले. मेव्हणा खाटेशी स्टुलावर टेकला.

"भावोजी, तिजोरी तुमची एक नंबर आहे. चोरही बाहेर, मालकही बाहेर."

काकांची पट्टीबाहेर आलेली बोटे दिवसभरात आणखी सुजली होती. रविवार तसाच, औषधाच्या वासात आणि पंख्याच्या घरघरीत, गेला.

सोमवारी साडेदहाला अधिकारी शाईची डबी घेऊन आला. परिचारिका आणि तो स्वतः साक्षीदार झाले. काकांनी डावा अंगठा टेकवला.

"एवढंच?" त्यांनी विचारले.

"एवढंच," अधिकारी म्हणाला आणि डबी मिटली.

शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. हाड जुळले, शेवटच्या दोन बोटांत मात्र बळ आले नाही. डॉक्टरांनी कोणाला बोल लावला नाही. दोन दिवस आधी झाले असते तर बरे होते, इतकेच म्हणाले. आता काका हातभर उंचीची अक्षरे लिहितात. काचेवरचे बारीक काम त्यांनी सोडले आहे आणि त्याची कमाईही गेली आहे.

पट्टी निघाल्यावर खाते दोघांच्या नावावर झाले. मेव्हण्याचे आणि शेजाऱ्यांचे पैसे फिटले. चार महिन्यांचा खर्च ठेवीत न अडकवता हाताशी राहिला आणि कार्ड काकूंच्या पर्समध्ये गेले. मग एका दुपारी काकांनी कुलूप उघडून एकेक पावती पुढे केली आणि काकू वहीत उतरवून घेऊ लागल्या : रक्कम, मुदत, वारस. चौथ्या पावतीला त्यांचे पेन थांबले.

"ही कधीची?"

"सहा वर्षं झाली."

"तीन वर्षं मी गुडघा दुखतोय तसाच रेटतेय," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागालाही थोडी ताकद लागते. "मला वाटायचं, आपल्याकडे काही नाही. उगाच तुम्हाला खर्चात कशाला घालायचं."

काकांनी हातातली पावती खाली ठेवली.

"उद्या जाऊ डॉक्टरांकडे."

"उद्या तुमच्या बोटांचा व्यायाम आहे. परवा जाऊ," काकू म्हणाल्या. "हं, पाचवी सांगा."