शून्य प्रलंबित अर्जांचा तक्ता

आदरणीय निकम मॅडम आमच्या तालुक्याला तहसीलदार म्हणून आल्या, त्या दिवशी हारतुरे उरकताच त्यांनी दप्तर मागवले. मी दाखल्यांच्या टेबलावरचा कारकून. ‘प्रलंबित अर्ज : शून्य’ असा तक्ता मी ऐटीत पुढे ठेवला. मॅडम म्हणाल्या, "हा राहू द्या. परत केलेल्या अर्जांची नोंदवही आणा."

ती वही मी नाइलाजाने कपाटातून काढली. अर्जात चार त्रुटी दिसल्या तरी एकच लिहून तो परत करायचा, ही आमची रीत. ती पुरी करून माणूस आला, की दुसरी काढायची. अर्ज टेबलावर राहतच नसे, मग प्रलंबित कुठून दिसणार?

नोंदवहीत सरूबाई हे नाव चार वेळा निघाले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, डोमिसाइल दाखला हवा होता. मी अर्ज चारदा परत केला आणि प्रवेशाची मुदत उलटली.

आता नोटीस निघणार, असे मी धरून चाललो होतो. मॅडमनी मला जीपमध्ये बसवून थेट सरूबाईंच्या घरी नेले. ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "बाई, चूक आमच्या कचेरीची आहे. तुमच्या लेकीची जागा आमच्यामुळं गेली."

सरूबाई गोंधळल्या. "आमाला वाटलं, आमचंच कायतरी चुकतंय. म्या तर लेकीलाच लई बोलले."

मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या त्रुटी एकाच वेळी, साध्या भाषेत आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव घालून लिहायच्या आणि त्या पुऱ्या होईपर्यंत अर्ज प्रलंबितच धरायचा, असे ठरले. कोणता कागद कशासाठी मागतो, हे मला धड ठाऊक नव्हते. मॅडमनी शेजारी बसवून नियम वाचून घेतले. प्रलंबित आकडा फुगला. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांना सर्वांदेखत ऐकावे लागले. "आधीचा शून्य खोटा होता," एवढेच त्या म्हणाल्या. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

मॅडमच्या साठीनिमित्त या गौरवग्रंथाचे ठरले, तेव्हा मी मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "सरूबाईंची मुलगी पुढच्या वर्षी नर्सिंगला गेली, तिथे लेख संपवतो."

मॅडम म्हणाल्या, "गेली नाही ती. त्याच वर्षी लग्न लावून दिलं तिचं. मी गेले होते लग्नाला. ते लिहा."

इतक्या वर्षांत मी साधी चौकशीही केली नव्हती.

मॅडम, लिहिले आहे. आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्हाला खरे लिहायला लावणारे माणूस अजून हवे आहे.