कोहळा वर बघत होता, तरी पडला

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आम्ही. मी भाजी फोडणीला टाकून बाहेर आले, बघते तर काय, पोरगी गॅलरीत स्टुलावर उभी, एक पाय कठड्यावर! ओरडले नाही मी, दचकली असती ना. मागून जाऊन गच्च धरली आणि मग ओरडले.

"काय करत होतीस गं?"

"हवेत चालणार होते. कार्टूनमधलं मांजर चालतं ना. खाली बघितलं तरच पडतं ते. मी नसते बघितलं."

दोन धपाटे घालून उपयोग नव्हता, मी नसताना चढली असती. तिला पटायलाच हवं होतं.

माझी शाळा नववीत सुटली. पण सरांनी वर्गात खडू आणि डस्टर एकदम सोडले होते आणि दोन्ही एकदमच खाली आले होते, तेवढं डोक्यात राहिलेलं. म्हटलं, करूनच दाखवू.

घरात मोठं काय होतं? नजर लागू नये म्हणून दारावर टांगलेला कोहळा. तोच काढला. सासूबाई लोणी गावच्या, त्या धावत आल्या. "आगं, त्यो अमावस्येला बदलायचा हाय!"

"आजच बदलते, आई."

पोरगी म्हणाली, "त्याला डोळे काढू. वर बघणारे." स्वतःच काढले, स्केचपेननं, बुबुळं पार वर. मग म्हणे, "पण तो जड आहे, पडणारच. मी हलकी आहे."

मग एक बटाटा घेतला. "ही तू."

ओढणीनं तिला माझ्या कमरेला बांधलं, खाली कोणी नाही ना, तीनदा बघितलं आणि कोहळा आणि बटाटा एकदम सोडले. "एक" म्हटलं, "दोन" तोंडातून निघायच्या आत फाडकन आवाज! कोहळ्याचे तुकडे, शेजारी बटाटा, तोही फुटलेला.

ती खाली बघतच राहिली.

"त्याने खाली बघितलंच नाही ना, आई?"

"नाही गं."

"तरी पडला." मग हळूच, "बटाटा पण."

आणि रडायला लागली. मी तर आधीच रडत होते.

तेवढ्यात बेल. तळमजल्यावरचे काका. त्यांच्या खिडकीसमोर कुंकू लावलेला, डोळे काढलेला फुटका कोहळा पडलेला ना!

"वहिनी, करणी करायचीच असेल तर आधी कळवत चला. खिडकी लावून घेत जाईन."

"करणी नाही हो काका, विज्ञान होतं!"

"अस्सं. विज्ञानाला कुंकू कधीपासून लावतात?"

पोरगीच डोळे पुसत म्हणाली, "काका, खाली नाही बघितलं तरी पडतो आपण."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग गॅलरीतल्या स्टुलाकडे. चेहराच बदलला त्यांचा.

"ग्रिलवाला उद्याच पाठवतो," म्हणाले. "आणि ते स्टूल आत्ता आत घ्या."

ग्रिल बसलं. दारावर नवा कोहळाही लागला. तरी टीव्हीवर ते मांजर आलं की मी गॅस बंद करून बाहेर यायचेच. एकदा आले तर मांजर हवेत चालत होतं आणि पोरगी जमिनीवर मांडी घालून बोटं मोजत होती.

"एक, दोन, तीन, चार... आई, बघ ना, अजून पडलं नाही! काहीही दाखवतात!"

मी परत जाऊन गॅस पेटवला.