बोक्याचं दूध

ताईनं गंजलेल्या नळांची जाळी दोन्ही हातांनी उचलली, ॲसिडच्या टाकीवर धरली आणि माझ्यावर ओरडली, "मागं हो गं बयो! तोंड भाजलं तर लग्नाला कोण उभं राहील?"

"तुझ्याशी राहिलंच ना कुणीतरी."

"माझं तोंड तेव्हा बरं होतं."

जाळी खाली गेली. टाकी फसफसली, धूर वर आला. मी कॉलर नाकावर ओढली. ताई मात्र टाकीत वाकून बघत होती, चुलीवर चहा ठेवल्यासारखी. तिला वास येतच नाही. या कारखान्यात लागली आणि काही वर्षांत नाकानं रजा घेतली. कचराकुंडीजवळून जाताना आम्ही सगळे पळतो, ही बागेतून फिरत आल्यासारखी येते.

काम असं आहे की नळ, कड्या, दारांच्या मुठी गंजून येतात. ताई त्यांचा गंज उतरवते, ब्रशनं घासते, पुसते आणि पुढं मुलामा चढवणाऱ्यांकडे पाठवते. तयार माल दुकानांत पोचवायचं काम माझं, स्कूटरवरून. मी शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी माझं नाव टाकलं होतं. ताई एकटी फोरमनच्या डोक्यावर बसली आणि मला इथं चिकटवलं. त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

त्या दिवशी जाळी टाकीत असताना तिचा फोन वाजला. हातमोजे काढून तिनं आलेला निरोप स्पीकरवर लावला. बाईचा आवाज होता, मधात बुडवून काढल्यासारखा. "ताई, मी परवा म्हणाले ना, या मुलांच्या मेंदूत आतून गंज धरतो. शरीराला तो उतरवता येत नाही. ही पावडर तेच करते. अँटीऑक्सिडंट म्हणतात. दुधातून द्यायची. माझ्या ओळखीतली तीन मुलं बोलायला लागलीत."

ताईनं निरोप पुन्हा लावला. पुन्हा. मग टाकीकडे बघत राहिली. तिथं नळांवरचा तांबडा थर सुटून आतला लख्ख धातू दिसायला लागला होता.

मी म्हणाले, "मेंदू म्हणजे नळ आहे का?"

"गप गं," ती म्हणाली. पण तिचा आवाज माझ्याशी बोलत असल्यासारखा नव्हता.

ताईचा मुलगा सहा वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे. बोलत नाही. बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे लावतो आणि एक झाकण हललं तर भिंतीवर डोकं आपटतो. आम्ही त्याला बोक्या म्हणतो, कारण तो दुधावर जगतो. खाण्यात त्याच्या चारच गोष्टी. दूध, कडक टोस्ट, साल काढलेला उकडलेला बटाटा आणि न मोडलेलं केळं. त्यातही टोस्ट-बटाट्याचा रोजचा भरवसा नाही, केळं मोडलं की संपलं. दूध मात्र कधी चुकलं नाही. निळा कप, कोमट दूध, सकाळ-संध्याकाळ. ताई म्हणायची, "बाकी सगळं गेलं तरी चालेल, दूध आहे तोवर माझं पोर उभं आहे."

ती पावडरवाली बोक्याच्या उपचारकेंद्रातच भेटली. आत मुलांचा वर्ग चालतो, बाहेर बाकांवर आया बसतात. थकलेल्या बायका. तिथं कुणी नुसतं 'फरक पडला' म्हटलं तरी सगळ्या माना एकदम वळतात. पावडरवालीला हे बरोब्बर माहीत होतं. ती बसायची मधोमध.

घरी यावरून जुंपली. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून वर बघायचं, आणि घरी येऊन मुलाकडे बघायचं. मुलगा बघणार पंख्याकडे.

"काहीही पाजशील त्याला?" भावजी म्हणाले. "उद्या कुणी सांगितलं डोक्याला बूटपॉलिश लावा, तर लावशील?"

"चालत असेल तर लावीन."

"मग मलाच आधी लाव. माझंही डोकं चालत नाही."

"तुमच्यावर वाया जाईल."

मी हसले. तेही हसले. ताई हसली नाही. तिनं विचारलं, "तुम्हाला नाही वाटत, त्यानं एकदा बाबा म्हणावं?" भावजींनी ताट उचललं आणि मोरीत ठेवून आले.

मग ताई डॉक्टरांकडे गेली. मी बरोबर होते. डॉक्टर भला माणूस, घाईत नव्हता. म्हणाला, "काही छोट्या चाचण्या झाल्यात. कुठं थोडा फरक दिसला, कुठं काहीच नाही. सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. आणि या पावडरीत नेमकं काय आहे, किती आहे, ते मला माहीत नाही. माझ्या देखरेखीशिवाय देऊ नका."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे माहीत नाही."

बाहेर आल्यावर ताई जिन्यात थांबली. "एवढं शिकून याला माहीत नाही, आणि तिला बाकावर बसून सगळं माहीत आहे. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

दुसऱ्या दिवशी तिनं पावडरवालीकडून डबा घेतला. आणि घरी, शेजारी, केंद्रात, सगळ्यांना सांगितलं, "चालू केलं हो मी. रोज सकाळी एक चमचा."

भावजींनी कपाळावर हात मारला, पण भांडले नाहीत. इतकंच म्हणाले, "तू आई आहेस. बघ बाई."

थोड्याच दिवसांत फरकाच्या बातम्या यायला लागल्या. खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली म्हणाली, "आज माझ्याकडे बघून हसला गं तो!" केंद्रातली शिक्षिका म्हणाली, जास्त वेळ बसतोय. पावडरवालीनं तर बाकावर ताईला मिठीच मारली. आणि एका संध्याकाळी भावजी कामावरून आले, ते बूट न काढताच दारात उभे. "आज त्यानं माझ्याकडे बघितलं," ते म्हणाले. "असं ओझरतं नाही. थेट. माझं बोट धरलं आणि बघितलं." मग ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ताईनं मला कपडे बदलायच्या खोलीत ओढलं. कपाट उघडलं. जुन्या एप्रनमागून डबा काढून माझ्या हातात दिला. "झाकण बघ."

झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं.

"उघडलाच नाही?"

"एक चिमूटही दिली नाही."

मी सीलवरून बोट फिरवून बघितलं. मग दोघी इतक्या हसलो की बाहेरून फोरमननं दार वाजवलं. मी म्हणाले, "भारीच आहे पावडर. कपाटात बसून काम करते!"

"मला एवढंच बघायचं होतं," ताई डोळे पुसत म्हणाली, "फरक पावडर पाडते का आपले डोळे. सगळ्यांना सांगायचं देतेय, आणि द्यायचं नाही. मग कुणाकुणाला काय दिसतं ते मोजायचं. सगळ्यांनाच दिसलं."

"भावजींना सांग की."

तिचं हसू ओसरलं. "सांगते. पण काल ते कसे उभे होते दारात... थोडे दिवस राहू दे त्यांच्याकडे. मग सांगते, आणि हा डबा कचऱ्यात."

तिला वाटलं सुटली. खरंच वाटलं. त्या आठवड्यात ती कामावर गुणगुणत होती. मला तेव्हा छान वाटलं. आता ती गुणगुण आठवली की अंगावर काटा येतो.

कारण बोक्यानं दूध सोडलं.

आधी एका सकाळी अर्धा कप ठेवला. मग ओठ लावून मागं सरकला. मग कप बघितला की कानांवर हात. ताईनं स्वतः चाखून बघितलं. "नेहमीसारखंच तर आहे!" पण ताईच्या जिभेवर कुणी काय विश्वास ठेवायचा, नाक गेलेल्या माणसाला चव तरी किती कळणार. तिनं दूधवाला बदलला. निळा कप घासघासून धुतला. तस्साच नवा कप शोधायला मला गावभर पिटाळलं. बोक्यानं नवा कप भिंतीवर फेकला.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात शिरले तर सडक्या अंड्यासारखा बारीकसा वास आला. "मोरी तुंबली काय गं?" मी विचारलं.

ताईला काय कळणार. भावजी गॅसपाशी उभे होते. दूध तापवायचं काम त्यांचंच, कपात ओतून बोक्याला द्यायचं ताईचं. ते म्हणाले, "हो, मोरीच असेल. रविवारी बघतो."

मग उलट्या सुरू झाल्या. पोट बिघडलं. कपाशेजारी टोस्ट ठेवला होता म्हणून बोक्यानं टोस्टही सोडला. बटाटा त्याच बशीतला, म्हणून बटाटा. त्याचं असंच असतं, एका गोष्टीवरचा भरवसा उडाला की शेजारच्या सगळ्यांवरचा उडतो. आता ताई त्याच्यासमोर केळं घेऊन तासन्तास जमिनीवर बसायची, मोडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून, एखादं अंडं धरावं तसं. तो तिच्या हातांकडे बघायचा आणि सरपटत लांब जायचा.

हातांकडे बघायचा, हे ताईनं पकडलं.

"माझ्या हातांचं आहे," ती मला म्हणाली. "ॲसिडचं. मला वास येत नाही, त्याला येतो. मी हे घरी आणते, अंगावर, केसांत. मी माझ्या पोराचं दूध नासवलं."

"इतकी वर्षं नाही आणलंस, आत्ताच कसं?"

माणसाला उत्तर सापडलं नाही की ते स्वतःच्या मानेवर सुरी ठेवतं, निदान आमची ताई तरी. ती कारखान्यातच आंघोळ करून निघायला लागली. घरी येऊन परत आंघोळ. मनगटांपर्यंत कातडी सोलवटली.

एका दुपारी बोक्या मान टाकून पडला. मी स्कूटर काढली, ताई मागं बसली, मधे तो. वजन लागलंच नाही. भावजी परस्पर दवाखान्यात आले.

त्याच डॉक्टरनं बघितलं. सलाईन लावलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "ती पावडर चालू केली होती का?"

"नाही," ताई म्हणाली. ताठ मानेनं. "सगळ्यांना सांगितलं देतेय म्हणून, पण एक चिमूट दिली नाही. डबा माझ्या कपाटात आहे, सील फोडलेलं नाही. हवा तर आणून दाखवते."

भावजी पलंगाच्या पायाशी उभे होते. ही गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं चिडतील, निदान म्हणतील की मला का नाही सांगितलंस. ते एवढंच म्हणाले, "मी पाणी आणतो," आणि बाहेर गेले. पाण्याची बाटली टेबलावर भरलेली होती.

"बाकी काही?" डॉक्टरनं विचारलं. "गोळ्या, चूर्ण, कुणी काही दिलं असेल?"

"आमच्या घरात माझ्याशिवाय कोण देणार?" ताई म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवली आणि लिहीत राहिला.

बोक्या वाचला. उलट्या तिथंच थांबल्या, हळूहळू बटाटा परत आला, टोस्ट आला. दूध नाही. दुधाचं पातेलं खोलीत आलं तरी तो कोपऱ्यात जाऊन बसतो, तोंड भिंतीकडे. वजन अजून भरलेलं नाही, आणि ताईच्या हातून काहीही घेत नाही. भावजींच्या हातून घेतो.

ताईनं काम सोडलं. फोरमन घरी येऊन विनवून गेला, म्हणाला तुझ्यासारखा गंज कुणी उतरवत नाही. ती म्हणाली, "तेच तर." आता ती घरी असते आणि हात धुते. ताईमुळेच पोर मरायला टेकलं होतं असं बाकावरच्या एका बाईनं म्हटलं, तेव्हा मी त्या बाईचा जेवणाचा डबा तिच्याच अंगावर उपडा केला. पश्चात्ताप नाही.

मग परवा भावजी मला कारखान्याच्या फाटकात भेटले. ताईचं कपाट रिकामं करायला आले होते. सामानाची पिशवी पायाशी ठेवून ते पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले. बोक्यानं त्यांचं बोट धरून त्यांच्याकडे बघितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते पावडरवालीकडे गेले होते आणि बोक्यासाठी आपला वेगळा डबा घेतला होता. ताई एक चमचा देतेच आहे, असंच ते धरून चालले होते. वरून आपला एक पडला तर पोरगं लवकर बोलेल, म्हणून दवाखान्याच्या त्या दिवसापर्यंत रोज दूध तापवताना ते पातेल्यात पावडर घालत होते.