दसऱ्यापर्यंतचा टायर

आमच्या ह्यांच्या मोटारसायकलचा मागचा टायर गणपतीतच गुळगुळीत झाला होता. नवा घ्या म्हटलं की म्हणायचे, "दसऱ्याला घेऊ. नवी वस्तू दसऱ्यालाच घ्यावी." मुहूर्त हे फक्त पैसे द्यायच्या वेळी बघायचे. पुढे टायरला चीर पडली, तर दुसऱ्या टायरचा तुकडा कापून आतून लावला. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी उचकी द्यायला लागली.

नवरात्रात मरोळला माझ्या बहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. पोर हट्टी. "मावशीच्या हातच्या पातोळ्या खाल्ल्याशिवाय ओटी भरून घेणार नाही," असं तिने आधीच सांगून ठेवलेलं. मी पहाटे उठून हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवल्या आणि डबा मांडीवर घेऊन मागे बसले. गोरेगावहून आरे कॉलनीच्या झाडीतल्या रस्त्याने निघालो. चढ आला की हे म्हणायचे, "उतर गं जरा, टायरवर भार येतो."

"तुम्हीच उतरा. डबा आणि मी जातो पुढे."

एका तबेल्यापाशी फाट्कन आवाज झाला. ट्यूब गेली, चीर वीतभर झाली. बस काही दिसेना. तिकडे पोर उपाशी बसलेली. हे तबेल्यात शिरले आणि पेंढ्याचा भारा घेऊन आले. ट्यूब काढून टायरात तो पेंढा ठासून भरला.

"हे काय?"

"हवा काय नि पेंढा काय, पोट भरलं की झालं."

गाडी चालली, हे कबूल करते. सायकलवाले आम्हाला मागे टाकून, वळून बघून हसत होते.

पोचलो तेव्हा पोर हिरव्या साडीत तोंड सुकवून बसली होती. आधी पातोळ्यांवर तुटून पडली, मग ओटी भरली. बहीण माझ्या पदरावरचा पेंढा झटकत म्हणाली, "अगं, गाडीवरून आलीस की बैलगाडीतून?"

पातोळ्यांची उरलेली पानं मी ह्यांच्याकडे दिली. बहिणीच्या इमारतीच्या फाटकाशी एक गवतवाली गाय घेऊन बसायची, तिच्या गाईला घाला म्हटलं. आमची गाडी शेजारीच उभी होती. ह्यांनी पानं टाकली आणि जेवायला वर आले. जेवून खाली गेलो, तर गाय चिरेतून पेंढा ओढून खात होती. टायर पार बसला होता.

हे ओरडले, "तुझ्या गाईनं माझा टायर खाल्ला!"

गवतवाली म्हणाली, "टायरात चारा कोण भरतं? माझ्या गाईच्या पोटात रबर गेलं तर?"

मी हसले, तर ह्यांनी माझ्यावरच डोळे वटारले.

शेवटी गाडी ढकलत दुकानात नेली. दसरा अजून यायचा होता, तरी नवा टायर आणि ट्यूब घ्यावीच लागली. जुना टायर मात्र ह्यांनी दुकानदाराला ठेवू दिला नाही. "कापून तुकडे उपयोगी येतील," म्हणाले. परत येताना मी रिकामा डबा मांडीवर आणि तो टायर खांद्याला अडकवून बसले. आरेच्या चढावर मला कोणी उतर म्हटलं नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. ह्यांनी माळ्यावर चढून जुन्या टायरवरही झेंडूचं फूल ठेवलं.