गोठ्यातली मोटार

चालती वस्तू मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बघवत नसे. भिंतीवरचं घड्याळ बिनतक्रार टिकटिकत असलं की त्यांचे हात शिवशिवायला लागत. लोक बिघडलेली वस्तू उघडतात, मामाजी न बिघडलेली उघडत. घड्याळ झालं, ग्रामोफोन झाला, मोटेचं चाक झालं, शेजाऱ्यांचा नवा पेट्रोमॅक्सही झाला. कोणी जाब विचारला तर शांतपणे म्हणत, "चालते कशी ते समजलं नाही, त मंग चालली त काय चालली?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यावर काहीच बोलत नसत. आपलं शिवणयंत्र मात्र त्यांनी माडीवर नेऊन ठेवलं होतं आणि खोलीची किल्ली कमरेला असे.

मी लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले ती दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याच्या जरा आधी. माझे वडील अकोल्याला शाळामास्तर. सासर शेतकऱ्याचं, काळीची चांगली जमीन, कपाशी आणि ज्वारी, दावणीला देखणी जनावरं. लग्नाच्या बोलण्यात मध्यस्थानं सांगितलं होतं की मुलाकडे मोटार आहे. माझ्या आईनं ती बातमी अर्ध्या अकोल्यात पोचवली. मी ती मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. गोठ्यात लाकडी ठोकळ्यांवर एक लोखंडी सांगाडा ठेवलेला, त्यावर उघडंबोडकं इंजिन, बाजूला गोणपाटावर पाने, नळ्या आणि बोल्ट मांडलेले. ज्यांचा तो गोठा ते बैल बाहेर निंबाखाली उन्हात. मी ह्यांना विचारलं, मोटार कुठे आहे? हे म्हणाले, ही काय.

खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याची गाडी पुलावरून नाल्यात गेली होती. वरचं सगळं चेपलं, खालचं वाचलं. जिनवाल्यानं ती भंगारात काढली तेव्हा बापलेक दोघंही तिथं कपाशी घेऊन गेलेले होते. कपाशी विकून बी-बियाणं आणायचं होतं, आणली मोटार. आत्याबाई सांगत, की मालाच्या गाडीतून तो सांगाडा उतरवताना दोघांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो गजाच्या जन्माच्या वेळीही त्याच्या बापाच्या तोंडावर दिसला नव्हता. गजा म्हणजे गजानन, माझे पती.

सांगाड्यावर मोटार आपणच बांधायची, आपल्या मनासारखी, असं दोघांचं ठरलं होतं. अडचण एवढीच होती, की दोघांची मनं वेगळी होती. ह्यांनी खामगावला एका मोटार मिस्त्रीकडे वर्षभर हात काळे केले होते. ह्यांना गाडी बुटकी, निमुळती हवी होती, वाऱ्याला कापत जाणारी. मामाजींना ती बैलांच्या दमणीसारखी उंच हवी होती, मागे चढायला पायरी, वर कापडी टप, टपाला पडदे. रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या शेतात काय पेरलं आहे ते दिसलं पाहिजे, नाहीतर मोटारीत बसून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. ह्यांनी पत्रा ठोकून पुढचा भाग बुटका केला. मामाजींनी सागाच्या फळ्यांना रंधा मारून मागचा भाग उंच केला. समोरून पाहिलं तर मोटार, मागून पाहिलं तर लग्नाची दमणी. गावातल्या लोकांना फार दिवसांनी एकत्र हसायला काहीतरी मिळालं.

त्या काळी सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहायची रीत नव्हती. मी डोक्यावर पदर घेऊन गोठ्याच्या दाराआडून चहा ठेवायची आणि परतायची. पण एक दिवस मामाजींनी आतूनच हाक मारली, "सूनबाई, त्याले सांग, त्यानं लावलेला बोल्ट वाकडा आहे." ज्याला सांगायचं ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गाडीखाली उताणे पडलेले. मी काही बोलायच्या आत गाडीखालून उत्तर आलं, की बाबांना सांग, बोल्ट सरळ आहे, भोक वाकडं आहे, आणि भोक त्यांनी पाडलेलं आहे. त्या दिवसापासून माझी नेमणूकच झाली. दोघं एका पान्याची दोन टोकं धरून तासन् तास काम करत आणि भांडण माझ्यामार्फत करत. स्वयंपाक खोळंबायचा, आत्याबाई आतून भांडी आपटायच्या. मी मात्र एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवत उभी, जे दुसऱ्यानं आधीच ऐकलेलं असे.

मोटार सुरू होत नव्हती असं नाही. हाच तर सगळा वैताग होता. ती सुरू व्हायची. हे दिवसभर खपून तिला जुळवत, हँडल मारत, ती खोकत, थरथरत, मग एकसारखी चालायला लागे. कोंबड्या पळत, गल्ली गोळा होई. मामाजी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत राहत. ह्यांचा चेहरा फुललेला असे तो हळूहळू उतरायला लागे, कारण पुढे काय होणार ते ह्यांना ठाऊक असे. दुसऱ्या दिवशी हे शेतावरून परतेपर्यंत इंजिन गोणपाटावर सुटं मांडलेलं असायचं. "एक डाव खोलून पाह्यलं," मामाजी म्हणत. "आतमंधी खट् वाजत होतं." तो आवाज मामाजींखेरीज कधीच कोणाला ऐकू आला नाही.

अशी किती वेळा ती जुळली आणि किती वेळा खुलली, ते सांगत बसत नाही. हे चिडत, जेवण टाकून उठत, आठ-आठ दिवस गोठ्याकडे फिरकत नसत. मग एखाद्या सकाळी दोघं पुन्हा गाडीखाली शेजारी शेजारी. मी वैतागून आत्याबाईंना म्हणाले, की हे दोघं एकदा स्पष्ट बोलून का टाकत नाहीत? आत्याबाई म्हणाल्या, बोलले असते तर मोटार कशाला आणली असती.

माझी नणंद शांता हिचं लग्न धामणगाव बढे गावातल्या एका घरी ठरलं. लग्न आमच्या दारी होतं. हे धाकट्या बहिणीला लहानपणापासून सांगत आले होते, तुला सासरी मोटारीतून पोचवीन. त्यासाठी ह्यांनी महिनाभर आधी गाडी जुळवली, निळा रंग दिला, गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत नेऊन आणली. मामाजींकडून शब्द घेतला, की लग्न पार पडेस्तोवर हात लावायचा नाही. मामाजी हो म्हणाले आणि त्यांनी तो शब्द पाळलाही, अगदी लग्न लागेपर्यंत.

वरात निघायची त्या सकाळी हे अंघोळ करून, फेटा बांधून गोठ्यात गेले. मी झेंडूची माळ घेऊन मागोमाग. मामाजी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यासमोर आत्याबाईंच्या पितळी परातीत, रॉकेलमध्ये, इंजिनाचे भाग बुडालेले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले की दुपारपर्यंत होऊन जाईल, पोरगी बसणार आहे म्हणून नीट पाहून घेतो आहे. व्याही अंगणात ताटकळत होते. दुपारपर्यंत कोण थांबणार? शांता दमणीतून सासरी गेली. जाताना ती गोठ्याकडे पाहतसुद्धा नव्हती, भावाला वाईट वाटेल म्हणून.

मंडळी पांगल्यावर हे फेटा काढून हातात धरून बापासमोर उभे राहिले. त्या दिवशी मी मध्ये नव्हते, ह्यांनी सरळ तोंडावर सांगितलं. आवाज चढवला नाही.

"बाबा, तुमाले मोटार नाही पाह्यजे. तुमाले फक्त खोलाले पाह्यजे."

मामाजी परातीतला एक भाग पुसत राहिले. "तिच्यात आवाज होता," ते म्हणाले. "मले ऐकू आला."

त्यानंतर महिन्याच्या आत हे लष्करात गेले. लढाई पेटली होती, मोटार मिस्त्री पाहिजेत म्हणून भरती चालू होती. मला आदल्या दिवशी सांगितलं, आईला त्याच सकाळी. बापाला सांगितलंच नाही. मामाजींना सालदार गडी सखारामकडून कळलं. ते ओट्यावरून उठून गोठ्यात गेले.

आणि त्यांनी ती मोटार पुरी केली. वर्षानुवर्षं जी पुरी होत नव्हती ती त्यांनी एका हिवाळ्यात पुरी केली. हाताखाली कोणी नाही म्हणून मला बोलावत. मी पदर खोचून पाने द्यायची, सीटवर बसून सांगतील ते पायडल दाबायची. गावात चर्चा झाली, होऊ दिली. इंजिन एकदा चालू झालं की पुन्हा खोलणं नाही. मामाजी एकदाच ऐकत आणि झाकण लावून टाकत. मग त्यांनी मागचा सागाचा भाग उतरवला. करवतीनं कापून तो ह्यांना पाहिजे होता तसा बुटका, निमुळता केला. टप गेला, पडदे गेले, पायरी गेली.

ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, इतका की हातातला पाना मी खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्याला उलट विचारलं, की मामाजी, हे आधी का नाही केलं? चार महिन्यांपूर्वी केलं असतं तर?

मामाजी रंधा थांबवून माझ्याकडे पाहायला लागले. माझा प्रश्नच त्यांना कळलेला दिसला नाही.

"आधी घाई कुठी होती?" ते म्हणाले. "तो अठी घरीच होता न."

पुढच्या वर्षी हे रजेवर आले. समुद्रापार जायच्या आधी मिळते ती रजा. मामाजींनी हँडल मारलं. पहिल्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं. हे गाडीभोवती एक चक्कर मारून मागे आले आणि थांबले. आता तरी दोन चांगले शब्द निघतील असं मला वाटलं होतं.

"मागचं काऊन कापलं?" हे म्हणाले. "ते चांगलं होतं."

मामाजींचा चेहरा लाल झाला. तुला पाहिजे होतं म्हणून कापलं, असं ते म्हणाले. मी कधी म्हटलं कापा, असं हे म्हणाले. सूनबाईला विचार, सूनबाई साक्षीला आहे. झालं, रजेचे सगळे दिवस त्या कापलेल्या लाकडावर गेले. जेवताना तेच, ओट्यावर तेच. एकाला जे हवं होतं ते दुसऱ्यानं दिलं, तोवर पहिल्याला दुसऱ्याचं आवडायला लागलं होतं. मला दोघांचीही डोकी त्या मडगार्डवर आपटावीशी वाटत.

जायच्या दिवशी ह्यांना नांदुऱ्याला गाडी पकडायची होती. मामाजी म्हणाले, मोटारीनं जाऊ. पेट्रोल तेव्हा कूपनावर मिळायचं. त्यांनी थेंब थेंब साठवून ठेवलं होतं. हे चालवायला बसले, मामाजी शेजारी, मी मागे बिछान्याच्या वळकटीपाशी. मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी. गाडी एकदाही अडखळली नाही. ह्यांनी वेग वाढवला की मामाजी मान तिरकी करून ऐकायचे, आणि हे त्यांच्याकडे बघून हलकेच वेग कमी करायचे.

स्टेशनाबाहेर चिंचेखाली आमची बैलजोडी उभी होती. शेजारी सखाराम बसलेला, खांद्यावर सोल, ओढायचा जाड दोर.

"हे आपले बैल होत न?" ह्यांनी विचारलं.

"हाव. काल धाडले."

"काऊन?"

"मोटार घरी न्या लागन," मामाजी म्हणाले. "चालवणार कोण?"

मोटारीचा खिळा न् खिळा ठाऊक असलेल्या त्या माणसाला मोटार चालवता येत नव्हती. तो कधी शिकलाच नव्हता. चालवणं गजाचं काम, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. ह्यांना ते त्या क्षणी कळलं असावं. हे स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून तसेच बसून राहिले. इंजिन चालूच होतं. आतून स्टेशनची घंटा झाली.

"बंद करून जाय," मामाजी म्हणाले.

"तुमाले येते न बंद करता."

"येते. पन तू कर."

ह्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून बापाच्या पाया पडले, वळकटी खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे एकदा बघून आत गेले.

हे लढाई संपल्यावर सुखरूप परत आले. मामाजी तोवर राहिले नाहीत, त्याआधीच्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेले. त्यांचं शेवटचं आजारपण मी केलं, पण ते मला आठवतात ते आजारी नव्हेत. आठवतात ते नांदुऱ्याहून परततानाचे.

सखारामनं मोटारीला सोल बांधून बैल जुंपले. एका लॉरीचा ड्रायव्हर जवळ आला आणि म्हणाला, की पिंपळगावापर्यंत मी चालवत नेऊन देतो, मला तिकडेच जायचं आहे. मामाजींनी नको म्हणून मान हलवली. मग मीही म्हटलं, की मामाजी, तुमच्याच हाताखाली मला पायडलं कळली आहेत, हळूहळू मी नेते.

"राहू दे, सूनबाई," ते म्हणाले. "आज त्यानं बंद केली आहे."

आणि ते चाकामागे जाऊन बसले. बैलांच्या चालीनं ती निळी मोटार नांदुऱ्याच्या बाजारातून निघाली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. वाटेत गुराखी हसले, एका लग्नाच्या वऱ्हाडानं तर गाड्या थांबवून करमणूक करून घेतली. मामाजींनी कोणाकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी चाक धरून ते बैलांमागे मोटार वळणावर वळवत होते, सरळ रस्त्याला सरळ ठेवत होते.

दिवेलागणीला आम्ही दारात पोचलो. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुलगा नीट गाडीत बसला का, ते मला विचारलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, मोटार कशी चालली?

"चांगली चालली," मामाजी म्हणाले, आणि खाली उतरून बैलांना पाणी दाखवायला गेले.